फोटू झाला असन त जाऊ का?

डिसेंबरचा तिसरा आठवडा. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात मांडव टाकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, बॅनर लागला होता. बॅनरवर येशूचं चित्र कोपऱ्यात आणि देणगीदारांचे फोटो मधोमध, पण तो वाद आज नको. पन्नास ब्लँकेटं वाटायची होती. आजूबाजूच्या तीन खेड्यांतून म्हातारी माणसं ऑटोत बसवून आणली होती. अकराचा कार्यक्रम दीडला सुरू झाला, कारण पाहुणे यवतमाळहून यायचे होते. एका आजीच्या हातात ब्लँकेट दिलं. फोटो काढणारा म्हणाला, जरा वर धरा. तिने धरलं. पाहुण्यांचा चेहरा झाकला गेला म्हणून पुन्हा धरायला लावलं. मग मधे कुणी आडवं गेलं म्हणून आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला ती अगदी शांतपणे म्हणाली, "बापू, फोटू झाला असन त मी जाऊ का? माही एसटी जाते."

आणायला ऑटो होता. परत पोचवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी त्या मंडळीचा जन्मापासूनचा सभासद. त्या दिवशी माइक माझ्याच हातात होता, त्यामुळे हे दुसऱ्यांवर ढकलता येत नाही. पण त्या वाक्याने माझी झोप उडवली आणि त्यातून जे सुचत गेलं ते मांडतो आहे.

ख्रिस्ती माणसाने गरिबाची सेवा कशी करावी, हा आता केवळ आमच्या घरातला प्रश्न राहिलेला नाही. चौकातल्या पानठेल्यापासून विधानसभेपर्यंत त्याची चर्चा होते. बाहेरचे म्हणतात, तुमची सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष. आमच्यातले काही उघडपणे तसं म्हणत नाहीत, पण वार्षिक अहवालात ब्लँकेटांच्या आकड्याशेजारी उपासनेला आलेल्या नव्या माणसांचा आकडा न चुकता लिहितात. एकाला सेवेत गळ दिसतो, दुसरा गळाला काय लागलं ते मोजतो. सेवा हे दुसऱ्याच कशाचं तरी साधन आहे, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. विदर्भाच्या खेड्यात आज गरिबाला सगळ्यात मोठी टंचाई आहे ती त्याच्यासोबत येणाऱ्या माणसाची. आणि येशूच्या शुभवर्तमानाने आमच्याकडे मागितलंय तेही मुळात तेवढंच.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. सहा गोष्टी. पहिल्या चारांत अन्न, पाणी, निवारा, वस्त्र दिलं असं येतं. पुढच्या दोन नीट वाचाव्यात. आजारी होतो तेव्हा तुम्ही मला बरं केलंत, असं तिथे नाही. समाचाराला आलात असं आहे. तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही मला सोडवलंत, असंही नाही. माझ्याकडे आलात, एवढंच. तिथे कुणी डॉक्टर नाही, वकील नाही, ट्रस्ट नाही. चालत आलेला माणूस आहे. आणि त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ज्यांची वाखाणणी होते त्यांना आपण काही केल्याचं आठवतच नाही. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेलं पाहिलं, असं ते विचारतात. त्यांच्याकडे रजिस्टर नव्हतं, अल्बमही नव्हता.

हे सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी तेच आमच्या मातीत सांगितलं. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, गरिबाच्या पोराला शिक्षण, आणि यादीच्या शेवटी दुःखी, निराश माणसाला हिंमत. त्याला ते रोकडा धर्म म्हणत. शब्द बघा कसा निवडलाय. उधारीचा धर्म वेगळा, त्यात पुण्य पुढच्या जन्मी किंवा स्वर्गात वळतं होतं. रोकडा धर्म जागच्या जागी, भाकरीच्या आकाराचा. बाबांनी मत्तय वाचला होता की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या की विदर्भातल्या ख्रिस्ती माणसाला वेगळ्या प्रवचनाची गरज पडू नये. आणि हा माणूस कीर्तनाला येण्याआधी गाव झाडून घ्यायचा आणि कुणाला पायाही पडू द्यायचा नाही. त्याला आमच्या बॅनरवर कुठे बसवणार?

आता आमच्या इतिहासाकडे येतो, कारण तो टाळून हा लेख लिहिणं म्हणजे लबाडी होईल.

विदर्भात मिशनचा दवाखाना हा शब्द एकेकाळी सगळ्या जातिधर्मांच्या तोंडी होता. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, यवतमाळ जिल्ह्यातला उमरीचा दवाखाना, परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय. पायाला भोक पडलेल्या, घरच्यांनी गोठ्यात ठेवलेल्या माणसाची जखम रोज धुऊन पट्टी बदलणं, तेही बोटं झडलेल्या हाताला आपला हात लावून, हे काम तिथल्या नर्सबायांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. पण हा मान एकट्या मिशनऱ्यांचा मानणंही चूक. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभारलं, आणि वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन तर सगळ्यांना ठाऊक आहे. महारोग्याला शिवायचं प्रेम आमच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर कधीच नव्हतं.

आता दुसरी बाजू. माझी पणजी 1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली. वय सहा-सात. आईबाप वाटेत गेले होते. ती तिथे जगली, शिकली, ख्रिस्ती झाली. शाळेत असताना मला पोरं चिडवायची, "तुम्ही तांदळासाठी बाटले." घरी येऊन रडलो की आजोबा म्हणायचे, "त्यांना सांग, वऱ्हाडात तांदूळ कुठला? ज्वारी होती." आम्ही हसायचो. मोठेपणी मात्र ते हसू पुरेना. त्या पोरीला ज्वारी देणारे दुसरे कुणी त्या वाटेवर नव्हते हे खरं. पण सहा वर्षांच्या उपाशी पोरीला नवा देव देताना तिची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता, हेही तितकंच खरं. दोन्ही मी कबूल करतो. पणजीबद्दलची माझी कृतज्ञता त्याने कमी होत नाही आणि आरोप करणाऱ्यांचं सगळंच म्हणणं त्याने खरंही ठरत नाही.

हा वादही नवा नाही. विदर्भ जेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी होती, तेव्हा तिथल्या सरकारने 1954 मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. 1956 मध्ये अहवाल आला. शाळा आणि दवाखाने यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, हा त्यातला मुख्य आक्षेप. आमच्या लोकांनी तो अहवाल पक्षपाती म्हणून बाजूला सारला, दुसऱ्यांनी डोक्यावर घेतला. गंमत अशी की त्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द नियोगीही होते. धर्म बदलायला त्यांची हरकत नव्हती, औषधाच्या बाटलीला बांधून तो देण्याला होती. हा फरक आमच्या लोकांनी त्या वेळी नीट ऐकून घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

यातले बरेच दवाखाने आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. परदेशी पैसा आटला, डॉक्टर शहरात गेले, काही इमारती नुसत्या उभ्या आहेत. त्याचं रडगाणं मंडळीत नेहमी चालतं: साहेब लोक गेले, सेवा संपली. मला हे पटत नाही. मुळात गरज बदलली आहे.

रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य 2023 पासून फुकट मिळतं, अंत्योदयच्या कुटुंबाला पस्तीस किलो. निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार आहेत. विम्याच्या योजना आहेत, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरचं मेडिकल आहे, 108 ची गाडी आहे. तुटपुंजं म्हणा, पण कागदावर आहे. कागदापासून माणसापर्यंतचं अंतर मात्र एकट्या म्हातारीला काटता येत नाही. ब्लँकेटवाल्या आजीचंच सांगतो. जानेवारीत ती मला तहसीलच्या पायरीवर भेटली. तीन महिन्यांपासून निराधारचे पैसे बंद होते. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. "उद्या या," एवढं सांगितलं होतं आणि ती खरोखरच दर उद्याला येत होती. एका खेपेचं एसटीचं अर्धं तिकीट आणि बुडालेली कापूस वेचणीची मजुरी.

म्हटलं, आज माझ्यासोबत चला. शिक्षकाची पेन्शन आहे, वेळच वेळ आहे.

खिडकीवर कळलं की आधारची ओळख पटत नाही, म्हणून पैसे अडकलेत. आधार केंद्रावर गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. बोट बदललं, लाल दिवा. चालवणाऱ्या पोराने ओला कपडा दिला, तिने बोटं पुसली, पुन्हा लाल. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. पऱ्हाटीच्या बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, काही जुन्या, काही ताज्या, आणि अंगठ्याची रेघ अन् रेघ गुळगुळीत झाली होती. साठ वर्षांची वेचणी. ज्या हातांनी एवढं सूत दिलं त्या हातांना मशीन ओळखत नव्हतं. रांगेतला एकजण म्हणाला, "आजी, केसाले घासा, तेल लागते, मंग येते." तिने तेही केलं. लाल दिवा.

मग मी विचारलं की डोळ्याने किंवा चेहऱ्याने ओळख पटवता येते ना? पोरगं म्हणालं, येते, पण ओटीपी लागेल. मोबाईल नंबर कुणाचा लावलाय? नातवाचा. नातू कुठे? पुण्याला. फोन लावला तर नंबर बंद; त्याने सिम बदललं होतं. म्हणजे आधी नंबर बदला, मग डोळे तपासा, मग बँकेत जाऊन जोडणी करा, मग तहसीलला पावती द्या. एकूण चार चकरा झाल्या. यात खर्च काय? माझे बसभाडे, दोन वेळचा चहा-पोहे आणि चार सकाळी. ब्लँकेटच्या किमतीपेक्षा थोडं कमीच.

मी हे माझी पाठ थोपटून घ्यायला सांगत नाही. चौथ्या चकरेला मी वैतागून तिच्यावरच खेकसलो होतो की पासबुक घरी का विसरलात. प्रेम बिम सगळं त्या वेळी उन्हात वाळत पडलं होतं. सांगायचं एवढंच की ही कामं कुठल्याही योजनेत बसत नाहीत, त्यांना निधी लागत नाही, त्यांचा फोटो निघत नाही. रांगेत उभ्या दोन माणसांचा फोटो कोण छापणार?

आणखी एक ठिकाण आहे जिथे जायला आमचे पाय जड होतात. आत्महत्या झालेलं घर. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला याची ओळख करून द्यायला नको. पहिल्या दिवशी पुढारी येतात, पत्रकार येतात, तलाठी पंचनामा करतो. तेरवीपर्यंत माणसं असतात. त्यानंतर त्या घरात फक्त कागद उरतात. सरकारी मदत एक लाखाची आणि तीही प्रकरण पात्र ठरलं तर. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज बिनापरवाना सावकाराचं, म्हणजे प्रकरण अपात्र होण्याचीच भीती. नवरा गेल्यावर त्याच्या मरणाची पात्रता सिद्ध करत फिरणाऱ्या बाईला किती दारं उघडावी लागतात याचा हिशेब मी मांडत नाही. वारसाची नोंद, फेरफार, बँकेचा दाखला, पोलिसांचा अहवाल. त्यातला एक कागद आणायला तिच्यासोबत जाणं, किंवा ती गेली तर तिची पोरं दुपारी शाळेतून आल्यावर त्यांच्यासाठी घरात थांबणं. पंधराव्या नाहीतर विसाव्या दिवशी, जेव्हा कुणी येत नाही तेव्हा. समाचाराला आलात हा शब्द तिथे मला नव्याने कळला. आपल्याकडे समाचाराला जाणं हा रिवाजच आहे. फक्त तो तेरवीला संपतो.

यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आज शेतकरी संघटनेचं काम करतो, मला तोंडावर सुनावलं. म्हणाला, सर, तुम्ही सरकारचं काम फुकट करून देताय. म्हातारीचा अंगठा उमटत नाही हा तिचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. तुम्ही एकेकीला हात धरून नेलं की व्यवस्था तशीच राहते. आक्षेप हलका नाही. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्यानेही उपासनेच्या गाण्यांचा कंटाळा आल्याचं सांगून न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हटलं होतं. पण मी त्याला विचारलं, नेमकं कुठे अडतं हे तुला कसं कळलं? त्याला ओटीपीची भानगड ठाऊक नव्हती. मला ती आजीसोबत आधार केंद्रावर उभं राहून कळली. पुढे आम्ही दोघांनी मिळून ग्रामसभेत ठराव मांडला की महिन्यातून एकदा आधारचं मशीन गावात आणा, चेहऱ्याने ओळख पटवायची सोय तिथेच करा. ठराव झाला. मशीन अजून यायचंय. पण रांगेत उभं न राहता आम्ही मागणी केली असती तर ती मोघम झाली असती, आणि मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं.

राहिला नावाचा प्रश्न. सेवा करताना येशूचं नाव घ्यायचं की नाही? मंडळीतल्या तरुणांचा यावर माझ्याशी वाद होतो. ते म्हणतात, सर, नाव लपवणं म्हणजे लाजणं. मी म्हणतो, विचारलं तर सांगा, खुशाल सांगा. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म सांगण्याचा हक्क दिलाय, आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असंही सांगून टाकलंय. कायदा राहू द्या, लूकच्या शुभवर्तमानाकडे बघा. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही परका शमरोनी. नऊ आले नाहीत. येशूने विचारलं जरूर, ते नऊ कुठे आहेत? पण त्यांची कातडी परत घेतली नाही. नऊजण फिरकणार नाहीत हे गृहीत धरून ज्याला सेवा करता येत नाही त्याने दुकान टाकावं.

आणि मराठी ख्रिस्ती समाजातलं सगळ्यात गाजलेलं धर्मांतर कसं झालं ते आठवा. ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार वाचायला दिला. धान्य नाही, ब्लँकेट नाही. टिळकांनी वाचलं, झगडले, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. बरोबरीच्या माणसाशी बरोबरीने बोलणं झालं तरच असं घडतं. हात पसरून उभ्या माणसाला प्रार्थनेला बसवून नंतर ब्लँकेट देण्यात बरोबरी कुठली? आमच्याकडे अजून हे होतं. आधी पाऊण तास संदेश, मग वाटप. लोक बसतात, कारण थंडी आहे.

बरोबरीचं आणखी एक अंग आम्ही साफ विसरलो आहोत. शेवटल्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र नको म्हणतो. त्याला सेवा करायला चालते, करून घ्यायला लाज वाटते. येशू त्याला दटावतो. आमची मंडळी पेत्रासारखी आहे. आम्ही नेहमी देणारे. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझी आई वारली. तीन दिवसांची झड, काळी माती, दफनभूमीत खड्डा खणेपर्यंत पाण्याने भरायचा. आमच्यातली तरुण पोरं पुण्या-नागपूरला. शेजारच्या बौद्धवाड्यातली चार पोरं फावडी घेऊन आली, आळीपाळीने पाणी उपसत खणत राहिली, कंबरेपर्यंत चिखलात. कुणी बोलावलं नव्हतं. संध्याकाळी मी पाकीट पुढे केलं तर त्यांतला एक म्हणाला, "गुरुजी, आमाले शिकोलं ना तुमी." पाकीट खिशात घालताना मला जितकं लहान वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. त्या पोरांच्या मनात ख्रिस्ती प्रेम वगैरे काही नव्हतं, आणि मत्तयच्या त्या प्रसंगातल्या लोकांनाही ते काय करताहेत हे माहीत नव्हतंच.

गेल्या महिन्यात मंडळीच्या कमिटीपुढे मी प्रस्ताव ठेवला. यंदा ब्लँकेटं नकोत. त्या पैशांतून एसटीभाडं आणि चहापाणी भागवायचं, आणि दर मंगळवारी मंडळीतले दोघे तालुक्याला थांबायचं. ज्याला तहसील, बँक, दवाखाना जे काही असेल त्याच्यासोबत जायचं. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, पत्रक वाटायचं नाही. पाळकसाहेबांना पटलं. दोन बहिणींनी तिथल्या तिथे नावं दिली. खजिनदारांनी चष्मा काढून विचारलं, "पण रिपोर्टमध्ये काय लिहायचं?" मी म्हटलं, काही नको. ते म्हणाले, ऑडिटला चालणार नाही.

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. विषयपत्रिका काल आली. त्यात आमचा मुद्दा पाचवा आहे. चौथा, मागच्या वर्षीच्या बॅनरचं थकलेलं बिल.